साहेबाची लाँच, सोनूबाईची चौकशी

आक्षीच्या कोळीवाड्यात सोनूबाईला तोंडावर सोनूबाय म्हणत आणि पाठीमागे 'चौकशी'. "चौकशी आली गो," असं बाया एकमेकींना कोपर मारून सांगत आणि हसत. सोनूबाईला ते ठाऊक होतं. तिला राग नव्हता. उलट कुणी नवं आलं की तीच सांगायची, "मना इचारायची खोड हाय. सांगायचं नसंल तं नका सांगू, पन खोटं सांगू नका."

ती सुकी मासळी विकायची. सोडे, सुकट, बोंबील टोपल्यांत भरून अलिबाग, पोयनाड, नागोठणे, पार पालीपर्यंत जायची. माप हातात आणि प्रश्न तोंडात. मुलगी कुठं दिली, बैल का लंगडतो, एसटीच्या डायवरानं आज पागोटं का बांधलं, हे सगळं तिला कळायला हवं असे. कळलेलं ती कुणाविरुद्ध वापरत नसे. कळलं की तिचं पोट भरायचं, एवढंच. नवरा गुणाजी स्वतःच्या होडीचा नाखवा, म्हणजे मालक आणि होडी चालवणारा तांडेल दोन्ही. तो फार कमी बोलायचा. बोलायचं काम त्यानं लग्नातच बायकोवर सोपवलं होतं, असं लोक म्हणत.

अठ्ठेचाळीस साली, दिवाळी होऊन गेल्यावर, कुलाबा किनाऱ्याला वादळानं झोडपलं. नागावच्या वाड्यांतले माड आडवे झाले. वारा पडला तेव्हा आक्षीच्या खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या झुडपात, एक लाँच कलंडून पडलेली दिसली. लांबलचक, डांबर फासलेली, वर छप्पर, बाजूला गोल काचेच्या खिडक्या. नांगराचा दोर तुटून कुठून तरी वाहत आली होती. आत माणूस नव्हतं, इंजिनही कधीच काढून नेलेलं. मागच्या फळीवर नावाची अक्षरं होती, तीही कुणीतरी उचकटून नेलेली. उरली होती नुसती खिळ्यांची भोकं. पोलीस आले, पंचनामा झाला. धनी कुणी आला नाही. मग सरकारनं लिलाव काढला.

लिलावाच्या आधी सोनूबाई चिखल तुडवत लाँचीवर चढली होती. तिला बघायचं होतं, आणि बघितल्याशिवाय तिला राहवलंही नसतं. केबिनीत वरच्या फळीवर एक काडेपेटी पडलेली होती. तिनं काडी काढली आणि ओढली. पेटली.

सोनूबाई त्या ज्योतीकडे बघत राहिली. एवढं वादळ झालं, घराघरांतली चूल ओली झाली, आणि इथली काडी कोरडी! पावसाळ्यात सुक्या मासळीला बुरशी धरते, हे तिच्या धंद्याचं जुनं दुखणं. असलं छप्पर तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

लिलावाला लाकडाचे व्यापारी आले होते, पण तिवरातून ती ओढून काढायची कुणी, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. सोनूबाईनं घेतला नाही; तिनं बोली लावली आणि लाँच तिची झाली. माणसं हसली. बातमी तिच्या आधी घरी पोचली.

"तू लाँच घेतलीस?" गुणाजीनं विचारलं.

"गोदाम घेतलं," सोनूबाई म्हणाली.

पुढच्या उधाणाला अख्ख्या कोळीवाड्यानं दोर लावले आणि लाँच ओढून सोनूबाईच्या घरामागच्या वाळूवर आणून टेकूंवर उभी केली. जिथं कधी साहेबलोक बसत असतील तिथं आता सोड्यांच्या गोणी रचल्या गेल्या. "सोनूबाईचे बोंबील बंगल्यात राहतात," असं वाडीत म्हणू लागले. दोन पावसाळे गेले. मासळीला बुरशी म्हणून लागली नाही.

पण सोनूबाईचं काम काही तिथं संपलं नाही. पावसात बाजार बंद, मग ती राखण करायच्या निमित्तानं लाँचीत जाऊन बसायची, आणि बसली की नजर हिंडायची. भिंतीतलं एक फळकूट ओढलं की हात धुवायचं चिनी मातीचं भांडं बाहेर यायचं आणि ढकललं की परत भिंतीत जायचं. पेले पडू नयेत म्हणून फळीला गोल भोकं पाडलेली. खिडकीखाली पितळी आकडे, कशासाठी ते कळत नव्हतं. तिनं एकदा कोयतीच्या टोकानं रंग खरवडून बघितला. वर काळं डांबर. त्याच्याखाली राखाडी. राखाडीखाली पांढरा. आणि पांढऱ्याखाली मधासारखं चमकणारं सागाचं लाकूड.

"ही तीनदा नटली नि तीनदा उतरली," ती गुणाजीला म्हणाली. "कोनी नटवली असंल?"

गुणाजी जाळं विणत होता. तो विणतच राहिला.

सगळ्यात जास्त छळलं ते केबिनीच्या दारानं. दाराच्या दोन्ही खांबांवर सुरीनं कापलेल्या आडव्या खुणा होत्या. गुडघ्याच्या वर सुरू होऊन कंबरेपर्यंत, एकीवर एक. शेजारची मनुबाई आपल्या नातवाला चौकटीशी उभा करून दर दसऱ्याला अशाच खुणा करायची. म्हणजे इथं पोरं वाढली! पण खुणा दोन्ही खांबांवर होत्या आणि एका खांबावरच्या वर, दुसऱ्यावरच्या खाली.

"दोन पोरं व्हती," सोनूबाईनं रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं. "येक थोरलं, येक धाकटं."

"तुना कोनी सांगितलं?"

"खांबानी."

गुणाजीनं भाताचा घास थांबवला, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागला. पण सोनूबाईचं तिचं तिलाच पटत नव्हतं. दोन्ही पोरं दर वेळी अगदी सारखीच कशी वाढली? एक बोटभर वाढलं की दुसरंही बोटभर? अशी पोरं तिनं कुठं पाहिली नव्हती. तिनं किहीमला जाऊन चौकशी केली, कारण साहेबांचे बंगले तिथं होते. तिथल्या माळ्यांनी डोकी हलवली. साहेब सत्तेचाळीस साली गेले, लाँची किती आल्या नि गेल्या, कोण ध्यानात ठेवतो?

त्रेपन्न-चौपन्नच्या सुमाराला गुणाजीची होडी फार जुनी झाली. नवी बांधायला साग हवा होता, आणि साग घरामागं उभाच होता. त्यानं रेवदंड्याच्या चांगदेव सुताराला बोलावलं. चांगदेव म्हणजे होड्या बांधण्यात केस पिकलेला माणूस. लाकडावर हाताची बोटं वाजवून आतलं सांगणारा. गुणाजी म्हणाला, "मोडा आन फळ्या येगळ्या करा."

सोनूबाई दारात उभी होती. गोदाम जाणार होतं, पण नवऱ्याच्या होडीपुढं ती काय बोलणार?

चांगदेवानं पहिली फळी सोडवली आणि तो थबकला. मग खाली बसला. मग लाँचीच्या पोटाखाली आडवा झाला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"काय झालं?" गुणाजीनं वाकून विचारलं.

"नाखवा, हिला दोन सालं हायती," आतून आवाज आला. "आतली फळी तिरपी हिकडं, भायेरची तिरपी तिकडं, आन मदे तेलात भिजवलेलं कापड. वर तांब्याच्या चुका, बारीक खिळे. आपन फळीला फळी लावून मदे कापूस-राळ ठासतो. हिथं ठासायला फटच न्हाय!" तो अंगाची वाळू झटकत बाहेर आला. "मी ही मोडनार न्हाय. तुमी मोडा, तुमची हाय. पन मना ही कशी बांधली ते कळलं न्हाय, आन न कळलेली वस्तू मी मोडू कशी?"

सोनूबाईच्या तोंडावर असं हसू फुटलं की गुणाजीनं कपाळाला हात लावला.

"येक व्हतीच," तो म्हणाला. "आता दोगं झाले."

त्या वर्षी सरकार कोळ्यांच्या सोसायटीमार्फत होड्यांना डिझेल इंजिन बसवायला मदत देत होतं. गावात त्याचीच चर्चा. सोनूबाईनं बरोबर तिथं बोट ठेवलं. इंजिन मिळेल, पण त्याचा हादरा सोसणारी होडी कुठाय? ही तर इंजिनासाठीच जन्मलेली. गुणाजीनं तीन दिवस विचार केला आणि म्हणाला, "तरंगली तं ठेवू. न्हाय तरंगली तं मोडू. मंग कोनी आडवं यायचं न्हाय."

काम सुरू झालं. सोनूबाई आणि मनुबाई कोयती आणि शिंपल्यांनी रंग खरवडू लागल्या. डांबर उतरलं, राखाडी उतरला, पांढरा उतरला. चांगदेवानं कुजलेल्या आडव्या वाकांच्या जागी, म्हणजे होडीच्या बरगड्यांच्या जागी, बाभळीचे नवे वाक घातले. सुट्या झालेल्या फळ्यांखाली नवं कापड तेलात भिजवून पसरलं. तांब्याच्या चुका तो ठोकायचा आणि आतल्या बाजूनं सोनूबाई लोखंडाचा ठोकळा दाबून धरायची. दोघांची तोंडं चालूच. हा आकडा कशाला असंल? हे भोक कोनी बुजवलं असंल? चांगदेव म्हणायचा, ही मुंबईतच कुठल्या तरी कारखान्यात बांधली असणार, कारण साग आपल्याकडचा आणि रीत साहेबाची. एका फळीच्या पाठीवर कुण्या सुतारानं पेन्सिलीनं छोटासा मोर काढलेला निघाला. तो मोर बघायला अर्धी वाडी येऊन गेली. चांगदेवानं ती फळी परत होती तशीच बसवली. म्हणाला, "त्यानं सोतासाटी काढला हाय, दुसऱ्यासाटी न्हाय."

नारळी पौर्णिमेला लाँच पाण्यात लोटायची ठरली. नारळ वाहिला, गाणी झाली, उधाणाचं पाणी भरलं आणि लाँच डौलात खाडीत उतरली. ती सरळ उभी राहिली तेव्हा सोनूबाईला रडू आलं. थोड्या वेळानं ती सरळ राहिली नाही. उजवीकडे कलली, आणखी कलली आणि खाडीच्या कडेच्या चिखलात जाऊन बसली. केबिनीत पाणी शिरलं होतं.

कुणी हसलं नाही. सणाचा दिवस, त्यामुळं तेच जास्त लागलं. चांगदेव पाण्यात कमरेएवढा उभा राहून लाँचीकडे बघत होता, जणू पोरानं चारचौघांत उलट उत्तर दिलं असावं. गुणाजी घरी गेला.

सोनूबाई मात्र दुसऱ्या दिवशीच्या भरतीला हातात चुन्याची वाटी घेऊन लाँचीत जाऊन बसली.

"अगो, बुडशील!" मनुबाई काठावरून ओरडली.

"चिखलात बसलेली होडी कुठं बुडते?" सोनूबाई आतून म्हणाली. "पानी येतं कुठून ते मना बघायचंय."

पाणी उजवीकडून, पुढच्या बाजूच्या तळातून येत होतं. झऱ्यासारखं, फळीखालून उकळत. ती बाकावर पाय वर घेऊन बसली आणि पाणी किती भराभर चढतंय हे कळावं म्हणून दाराच्या खांबांवर चुन्याचं बोट ओढू लागली. पाणी थोडं चढलं, एक बोट उजव्या खांबावर, एक डाव्या. पुन्हा चढलं, पुन्हा दोन बोटं. लाँच उजवीकडे कललेली, म्हणून उजव्या खांबावर पाणी वर पोचत होतं आणि डाव्यावर खाली.

चौथ्यांदा बोट ओढता ओढता तिचा हात तसाच राहिला.

तिच्या चुन्याच्या रेषा त्या जुन्या कापलेल्या खुणांशेजारी उमटत होत्या. उजवीकडच्या वर, डावीकडच्या खाली. सारख्या अंतरानं. जुन्या नि नव्या रेषा शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"मनुबाय!" ती ओरडली. "पोरं नव्हती गो! पानी व्हतं!"

काठावरच्या मनुबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण सोनूबाईला कळलं होतं. ही लाँच पूर्वी एकदा अशीच, ह्याच बाजूला कलून, कुठंतरी बसली होती. आतमध्ये कुणीतरी उभं होतं, आणि त्याच्या हातात सुरी होती. ते कोण होतं? आणि पाणी डोक्यापर्यंत चढेल की काय अशा वेळी खुणा कापत बसायचं त्याला सुचलं कसं?

तिनं गळती दाखवली तिथं चांगदेवानं तळ उघडला. बाहेरची फळी सागाची होती, पण तिच्या आत, दुसऱ्या सालीच्या जागी, इथल्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या उंडीच्या लाकडाचा एक मोठा तुकडा बसवलेला होता. कडा किंचित कुजलेल्या. चांगदेव त्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "वर साहेबाच्या कारखान्यातला हात हाय. पन हा आतला आपल्याकडचा. घाईनं, पन मन लावून बसवलाय. हिला हिथं भोक पडलं व्हतं, सोनूबाय. मोठं."

मासळीच्या हंगामात सोनूबाई पुन्हा बाजार हिंडू लागली, आणि गिऱ्हाईक दिसलं की लाँचीची गोष्ट काढू लागली. नागावला विचारलं, वरसोलीला विचारलं. हं हं करत लोक ऐकत आणि मासळीचा वाटा उचलून चालू लागत. असंच एकदा पालीच्या बाजारात, दुपारी गर्दी ओसरल्यावर, ती दोन-चार बायांना सांगत होती, की आमच्या लाँचीच्या दाराला अशा अशा खुणा आहेत, नि मला आधी वाटलं पोरं.

एक म्हातारा शेतकरी बोंबलांचा वास घेत उभा होता. डोक्याला मुंडासं, पायात चिखल वाळलेला. त्यानं बोंबील खाली ठेवला.

"उजव्या खांबावर वर," तो म्हणाला, "आन डाव्यावर खाली. व्हय ना?"

सोनूबाईच्या हातातलं माप पडलं. सुकट पांगली. कुठल्या खांबावर काय हे तिनं अजून सांगितलंच नव्हतं.

"बाबा, तुमी कोन?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्याचं नाव अंबाजी. पालीपासून कोसावरच्या खेड्यात त्याची भातशेती. तरुणपणी तो मुंबईला कामाला गेला होता आणि एका साहेबाच्या घरी स्वयंपाकात लागला. साहेबाची ही लाँच होती. थंडीत साहेब आणि मडम किहीमला यायचे, लाँचीत बसून किनाऱ्यानं हिंडायचे, आणि अंबाजी आतल्या शेगडीवर त्यांना चहा नि मासे करून द्यायचा.

"नाव काय व्हतं हिचं?" सोनूबाईनं पहिलं तेच विचारलं.

"शी."

"शी?"

"सायब तिला शीच म्हनायचा. शी अशी चालते, शी तशी वळते. मला वाचाया कुठं येतं?"

सोनूबाई खळखळून हसली. पुढं आक्षीच्या शाळेतल्या मास्तरांनी तिला सांगितलं की इंग्रजीत होडीला बाईमाणसासारखं 'ती' म्हणतात, ते नाव नव्हे. "आमीबी तीच म्हनतो," सोनूबाई म्हणाली, "पन म्हनून का तिचं नाव 'ती' ठेवतो?" खरं नाव तिला कधीच कळलं नाही.

अंबाजी तिच्या टोपल्यांशेजारी उकिडवा बसला आणि सांगू लागला. मुरूडकडून परत येताना, भर दुपारी, खांदेरीच्या बेटाअलीकडं लाँच बुडत्या खडकावर चढली. मोठा आवाज झाला, इंजिन बंद पडलं, लाँच उजवीकडं कलली आणि तिथंच अडकली. भोकातून पाणी आत. भरतीची वेळ. साहेब छपरावर चढून टेबलावरची पांढरी चादर हलवत होता. मडम केबिनीतल्या बाकावर पाय घेऊन बसली. तिला पोहता येत नव्हतं आणि बाहेरचं पाणी बघवत नव्हतं.

"सारखी इचारायची, अंबाजी, पानी चढतंय? मी डोंगराकडचा मानूस. भरती कवा थांबती, मला काय ठावं! म्हनलं, बघतो. सुरी घेतली आन पान्याच्या रेघेला खून मारली. दोनी खांबावर, म्हंजी लाँच कलती का त्येबी कळंल. पानी खुनेवर गेलं. दुसरी मारली. त्येच्यावर गेलं."

"मंग?" भोवतीच्या बायाही आता बसल्या होत्या.

"मंग मी येक खून लई वर मारली. पान्याच्या आदीच. आन मडमला म्हनलं, बाई, ह्या खुनेपत्तोर येनार आन परत फिरनार. आमाला म्हायती हाय." अंबाजीनं डोळे मिचकावले. "ती खुनेकडं बगत बसली. पान्याकडं बगायची थांबली."

"पोचलं का पानी तिथवर?"

"न्हाय पोचलं. चार बोटं खाली ऱ्हायलं आन फिरलं. तवर थळच्या होड्या आल्या. त्येंनी ओढून वाळूवर घेतली, थळच्याच सुतारानं आतून तुकडा बसवला, मंग मुंबईला नेऊन वरून झाकला. सायब मला म्हनला, तुला दर्या कळतो! मी म्हनलं, जी."

सगळ्या बाया हसल्या. सोनूबाईनं सांडलेली सुकट गोळा केली ती तशीच अंबाजीच्या फडक्यात बांधून दिली. राखाडी रंगाचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. लढाई सुरू झाली, सरकारनं लाँच घेतली, तो गावी परतला. पुढं ती कुठं होती, काय वाहत होती, डांबर कुणी फासलं, ते त्याच्या पलीकडचं होतं.

चांगदेवानं उंडीचा कुजका तुकडा काढला आणि त्या जागी साग, साहेबाच्या रीतीनं, तिरपा आणि मध्ये कापड घालून बसवला. ह्या खेपेला गर्दी नव्हती, नारळ नव्हता. साध्या दिवशी, साध्या भरतीला लाँच खाडीत उतरली आणि संध्याकाळपर्यंत उभी राहिली. रात्रभर गुणाजी तिच्यात झोपला. सकाळी घरी येऊन त्यानं तळवे पुढं केले. कोरडे.

इंजिन आलं. लाँच आक्षीची मासळी बर्फात घालून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर नेऊ लागली. डोलकाठीच्या होड्या वाऱ्याची वाट बघत असताना ही सरळ निघून जायची, त्यामुळं मासळी ताजी पोचायची. सोनूबाई सुक्या मासळीबरोबर ओलीतही शिरली. मुंबईच्या धक्क्यावर तिनं राखाडी वर्षांची खूप चौकशी केली. एका म्हाताऱ्या खलाशानं सांगितलं, लढाईत अशा कितीतरी लाँची राखाडी झाल्या, कुठली कुठली ओळखायची? तरी तिनं प्रत्येक खेपेला कुणाला ना कुणाला विचारलं.

अंबाजीला ती पालीत भेटायची आणि दर वेळी आक्षीला यायचं आवतण द्यायची. तो टाळायचा. "दर्याला माजी खोटी म्हायती कळलीय," असं म्हणायचा. एकसष्टच्या माघात मात्र तो खरंच आला, आणि एकटा नाही. बरोबर बायको राही होती, ठसठशीत कुंकू लावलेली, बारीक अंगाची. समुद्र घरापासून दिवसाच्या वाटेवर, पण तिनं तो कधी पाहिला नव्हता.

"ह्येनी मला काय सांगितलंच न्हाय," एसटीतून उतरताच ती सोनूबाईला म्हणाली. "बाजारात कोन बाई म्हनली, तुज्या घरवाल्यानं मडमला वाचवली. मला! लगीन होऊन येवडी वरसं झाली! सगळी पाली आयकत व्हती आन मी घरात भात शिजवत व्हते."

अंबाजी मान खाली घालून चालत होता. सोनूबाईला त्या क्षणी राही फार आवडली.

गुणाजीनं त्यांना लाँचीत घेतलं आणि खाडीबाहेर काढलं. राही दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती आणि तोंडानं थांबत नव्हती. हे पाणी इथून कुठं जातं? तो लांबचा दिवा कसला? मासा रात्री झोपतो का? सोनूबाई उत्तरं देत होती. ज्याच्या त्याच्या दारात प्रश्न घेऊन जाणाऱ्या बाईला आपल्या दारी आलेले प्रश्न नवे होते. तिला मजा वाटत होती.

अंबाजी आत गेला. केबिनीच्या दाराशी त्यानं खांबावरच्या खुणांवर हात ठेवला आणि खिडकीखालच्या पितळी आकड्यांकडे बोट केलं. "ह्या आकड्यांना मडम वल्ले मोजे अडकवायची," तो म्हणाला. किती वर्षांचं कोडं होतं, आणि निघाले मोजे!

खांदेरी जवळ आली. भरती होती, खडक पाण्याखाली होते, नुसता फेस दिसत होता.

"हितं?" राहीनं विचारलं.

"हितंच कुटं तरी."

"सांगा मंग. बाजारात सांगितलं तसं सगळं सांगा. काय बी गाळू नका."

अंबाजीनं सुरुवात केली. खडक, आवाज, पांढरी चादर, सुरी. सोनूबाईला सगळं पाठ होतं. पण वरच्या खोट्या खुणेपाशी येऊन तो थांबला आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "मंग ती मडम म्हनली, अंबाजी, टुमारा बीबी का नाम क्या?"

हे तिनं पालीत ऐकलं नव्हतं. सोनूबाई कठड्याला टेकून पुढं सरकली.

"आपलं लगीन नुकतं झालं व्हतं," अंबाजी राहीकडं न बघता म्हणाला. "मी म्हनलं, राही. तिला म्हनता येईना. राई, राई करायची. पानी तेवडं वर आलेलं, आन ती खुनेकडं बगून तुजं नाव घेत व्हती. मी तिला नीट शिकवत व्हतो. रा. ही. रा. ही."

राहीनं पदराचं टोक दातांत धरलं. वारा होता, इंजिनाचा आवाज होता, आणि अंबाजीचा आवाज मुळातच बारीक.

"मंग?" ती अखेर म्हणाली. "आलं का तिला म्हनता?"

गुणाजीनं हात लांब करून इंजिन बंद केलं, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू यावं.